सोसायटीच्या गच्चीवरील ३० किलोवॅटचा सौर संच : बिल उतरले, हरितपणाचे काय?

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने गच्चीवर ३० किलोवॅटचा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला सौर संच बसवून घेतला, त्याला आता दोन पावसाळे उलटले आहेत. लिफ्ट, पाण्याचे पंप, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि जिन्यातले व पार्किंगमधले दिवे एवढाच भार त्याच्याशी जोडलेल्या कॉमन मीटरवर आहे. सदनिकांची वीज वेगळी. पुण्यातील अनेक नव्या इमारतींप्रमाणे आमच्याही अकरा मजली इमारतीला बिल्डरने विक्रीच्या वेळीच हरित मानांकन मिळवून ठेवले होते, मात्र गच्चीवर सौर बंबांखेरीज ऊर्जानिर्मितीचे काहीही नव्हते. हे परीक्षण संचाचे आणि तो बसवणाऱ्या कंपनीच्या सेवेचे असे दोन्ही आहे, आणि दोहोंविषयीचे माझे मत सारखे नाही.

आधी जागेविषयी. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, म्हणजे आम्हाला सुमारे तीन हजार चौरस फूट हवी होती. गच्ची त्याहून बरीच मोठी असली तरी दक्षिणेची बाजू सौर बंबांनी अडवलेली, पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या मशीन रूमची सावली हिवाळ्यात लांबवर पडणारी, त्यामुळे ५४० वॅटची ५६ पॅनेल बसवताना आराखडा पुन्हा पुन्हा बदलावा लागला. कोटेशनमध्ये गच्चीच्या क्षेत्रफळाला शंभराने भागून किलोवॅट काढणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहावे. डिसेंबरमधील सकाळ-संध्याकाळची सावली मोजून मगच क्षमता सांगणारी कंपनी निवडावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सुविधांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्या हिशेबाने आमच्या वाट्याला ५ लाख ४० हजार रुपये आले. त्यासाठी देशात बनवलेल्या सेलची, म्हणजे डीसीआर पॅनेल घ्यावी लागतात आणि ती थोडी महाग पडतात. तरीही हिशेब फायद्याचाच बसतो.

निर्मितीबाबत तक्रारीला जागा नाही. आपल्याकडे किलोवॅटमागे दिवसाला वर्षभराच्या सरासरीने चार युनिट धरतात, आणि संच नीट चालू असतो तेव्हा आमचा आकडा त्याच्या आसपासच राहतो. उन्हाळ्याच्या ऐन भरात उत्पादन सर्वाधिक असेल असे बहुतेक सभासदांना वाटत होते, परंतु पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते (२५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के), आणि मे महिन्यात दुपारी काच हाताला चटका देईल इतकी तापलेली असते. त्यामुळे लख्ख ऊन आणि बेताची हवा असलेले फेब्रुवारी-मार्चचे दिवस मे महिन्याच्या तोडीस तोड ठरतात. जुलै-ऑगस्टमध्ये अर्थातच मोठी घट येते. कॉमन मीटरचा वापर मोठा असल्याने आमची बरीचशी युनिटे घरगुती दराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात जात असत, आणि वाचणारी युनिटे नेमकी त्याच महागड्या टप्प्यातली असल्याने बचत ठळकपणे दिसते. स्थिर आकार मात्र द्यावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ हा जाहिरातीतला शब्द तेवढा सोडून द्यावा.

एक गोष्ट विक्रेत्याने आपणहून सांगितली नव्हती आणि ती प्रत्येक संस्थेने सर्वसाधारण सभेत आधीच स्पष्ट करावी. महावितरणचा पुरवठा खंडित झाला की असा संच भर उन्हातही स्वतःहून बंद पडतो, कारण तसे न झाल्यास त्याची वीज तारेत उतरून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे वीज गेल्यावर लिफ्टसाठी डिझेल जनरेटर लागतोच. एवढा खर्च करूनही लिफ्ट का थांबते, हा प्रश्न आमच्याकडे अजूनही अधूनमधून विचारला जातो.

आता मूळ मुद्दा. नेट मीटरमुळे दुपारी तारेत सोडलेली युनिटे रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होतात आणि उरलेली पुढच्या महिन्यात जमा धरली जातात. आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चला, हिशेब मिटवला जातो. बिलाच्या दृष्टीने ही उत्तम सोय आहे, पण तिच्यामुळे इमारत सूर्यावर चालते असा समज पक्का होतो. रात्री नऊ वाजता लिफ्टला मिळणाऱ्या विजेत कोयनेच्या पाण्याचा थोडा वाटा असतो हे खरे, तरी मोठा भार चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशावरच्या केंद्रांवरच असतो. म्हणून आम्ही वापराच्या वेळा बदलल्या. पूर्वी वरच्या टाक्या पहाटे, लोक उठण्याच्या आत भरल्या जात. आता महापालिकेचे पाणी सकाळी तळटाकीत उतरले की पंप अकरानंतर लावतात, आणि सांडपाणी प्रकल्पाचे ब्लोअरही शक्य तितके दुपारीच चालवतात. याने बिलात काहीच फरक पडला नाही. असे असताना हा खटाटोप कशासाठी, असे काही सभासदांनी विचारले, आणि हिशेबापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु हरित हा शब्द फलकावर लावायचा असेल तर स्वतःची वीज स्वतः वापरणे एवढे तरी करावे, असे माझे मत आहे.

उंच निवासी इमारतीची मर्यादाही मान्य करायला हवी. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते. २०१४ साली उद्घाटन झालेल्या या इमारतीवर ९३० किलोवॅटचा संच आहे आणि वर्षाची गरज स्वतःच्या निर्मितीतून भागवण्याच्या हिशेबाने तिची आखणी झाली. पण ते दिवसा चालणारे कार्यालय आहे, पॅनेलचे छत इमारतीच्या कडेबाहेरही पसरलेले आहे, आणि वातानुकूलन व प्रकाशयोजनेचा वापर आराखड्यातच कमी केलेला आहे. आमच्याकडे अकरा मजल्यांच्या डोक्यावर एकच गच्ची, आणि घरोघरी वापराचा जोर संध्याकाळी. सदनिकांचा भार या गच्चीवर भागणे शक्य नाही, आणि तसे आश्वासन देणारे माहितीपत्रक बाजूला ठेवावे.

सेवेविषयी मात्र चांगले लिहिता येत नाही. कंपनीचे नाव देत नाही, कारण चौकशी केल्यावर इतर संस्थांचेही अनुभव थोड्याफार फरकाने असेच निघाले. सांगाड्याचे पाय सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभारायचे ठरले असताना एका कोपऱ्यात कामगारांनी थेट स्लॅबमध्ये ड्रिल मारले, वॉटरप्रूफिंग फुटले आणि पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील एका सदनिकेच्या छताला ओल आली. दुरुस्ती झाली, पण अनेक पत्रांनंतर. पुढे एका स्ट्रिंगचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचा, कनेक्टर जळाला आणि निर्मिती जवळपास पाव हिश्श्याने घटली. मोबाइल ॲपवर ते कंपनीला सहज दिसायला हवे होते, प्रत्यक्षात ते आमच्या खजिनदारांनी मीटरच्या आकड्यांवरून शोधून काढले. योजनेनुसार पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते, पण धुण्याचे काम त्यात येत नाही असे आम्हाला सांगण्यात आले. शेजारच्या बांधकामाची धूळ पॅनेलच्या खालच्या कडेला, चौकटीलगत चिखलाच्या पट्टीसारखी साचते आणि तेवढी पट्टीसुद्धा निर्मिती खाते. आम्ही आता आपल्याच माणसाकडून उन्हे चढण्याआधी, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ मॉपने धुऊन घेतो. पारव्यांनी खाली घरटी करू नयेत म्हणून बाजूंनी जाळीही स्वखर्चाने बसवावी लागली.

संचाला पाचपैकी साडेचार, सेवेला दोन. घेणाऱ्या संस्थांनी करारात तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : स्लॅबला भोक पाडायचे नाही, वार्षिक किमान निर्मितीची हमी आणि ती न मिळाल्यास भरपाई, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यानंतर. ज्यांच्या गच्चीवर जागाच नाही त्यांना हरित दराचा, म्हणजे जादा आकार भरून अक्षय स्रोतांची वीज घेण्याचा, पर्याय आहे. राज्य विद्युत नियामक आयोगाने २०२१ साली त्यासाठी नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जादा आकार मंजूर केला होता. आमच्या रात्रीच्या वापरासाठी तो घ्यावा असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहे, आणि त्याला विरोध होईल याची मला पूर्ण कल्पना आहे.