सेथ थॉमसचं जुनं मँटेल क्लॉक घेतलं, वर्षभराचा अनुभव

तर झालं असं की मागच्या वर्षी एप्रिलमध्ये इथे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलला गेलो होतो, म्हणजे कोणी म्हातारं माणूस गेलं किंवा घर सोडून निघालं की घरातलं सामान तिथल्या तिथे विकायला काढतात तसला सेल, आणि घ्यायचा होता कुंड्यांचा स्टँड, पण घरी आलं ते हे मँटेल क्लॉक, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीवर ठेवायचं घड्याळ. १२० डॉलर. नवरा गाडीत एक शब्द बोलला नाही, यावरून काय ते समजा.

दिसायला एकदम राजेशाही. काळंकुळकुळीत, पुढे हिरवट संगमरवरी खांब, खाली सोनेरी पाय, आणि दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं, तोंडात कडी धरलेली. मला वाटलं दगडाचं आहे, दोन्ही हातांनी जोर लावून उचलायला गेले आणि जवळजवळ डोक्यावरच घेतलं, कारण निघालं लाकडाचं! टिचकी मारली तर कपाटावर मारल्यासारखा आवाज. तर याला म्हणतात ॲडमंटाइन. त्या काळी श्रीमंतांच्या घरी फायरप्लेसवर काळ्या दगडाची फ्रेंच घड्याळं असायची, ती सगळ्यांना कुठली परवडायला, म्हणून सेथ थॉमस कंपनीने लाकडी पेटीवर सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा चिकटवून हुबेहूब दगड केला. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या कंगव्यांचं, पूर्वीच्या पिंगपाँगच्या बॉलचं मटेरियल, त्यात कापूर असतो (हो, आपला आरतीचा कापूर). आणि हा पापुद्रा ज्या कंपनीचा, ती होती नेवार्कला, म्हणजे आम्ही पाथ ट्रेनने जातो तिथलीच.

घेणाऱ्यांसाठी पहिली महत्त्वाची गोष्ट. विकणाऱ्या बाईंनी छातीठोक सांगितलं, १८८० चं घड्याळ आहे, हे बघा लिहिलंय. लिहिलंय खरं, तळाच्या लेबलवर ७ सप्टेंबर १८८० अशी तारीख आहे, पण ती त्या सेल्युलॉइडच्या पेटंटची तारीख! १८८० चं म्हणून विकायला ठेवलेली अशी घड्याळं मी नंतर कितीतरी पाहिली. खरं साल शोधायचं तर घड्याळ उलटं करा आणि तळाला किंवा मागे छापलेला आकडा बघा. सेथ थॉमसवाले साल उलटं छापायचे आणि पुढे महिन्याचं अक्षर. माझ्यावर आहे ५०९१ आणि पुढे एच. उलटं वाचा, १९०५. एच म्हणजे आठवं अक्षर, म्हणजे ऑगस्ट. एवढं कळायला मला दोन आठवडे लागले, आधी मी त्याला मॉडेल नंबर समजून गूगल करत बसले होते.

आता हा सेथ थॉमस कोण, तर मूळचा सुतार. जन्म १७८५, कनेटिकटमधला. एली टेरी नावाच्या घड्याळवाल्याने तीन वर्षांत चार हजार घड्याळांची मशीनं बनवून द्यायचं कंत्राट घेतलं होतं, जे तेव्हा लोकांना वेडेपणाच वाटलं असणार, त्यात हा कामाला होता. आणि मशीनं कसली, तर लाकडी! आतली दातेरी चाकंसुद्धा लाकडाची, पितळ महाग म्हणून. मग १८१३ मध्ये प्लिमथ हॉलो नावाच्या गावात स्वतःचं सुरू केलं, १८५९ ला गेला, आणि पुढे त्या गावाचंच नाव थॉमस्टन झालं. मला यात गंमत ही वाटते की सुताराने चाकंसुद्धा लाकडाची केली आणि त्याच्याच नावाच्या कंपनीने पुढे लाकूड दिसू नये म्हणून एवढा खटाटोप केला. आमच्या जर्सी सिटीत नदीकाठी कोलगेटचं ते अवाढव्य अष्टकोनी घड्याळ आहे ना, ५० फुटांचं, १९२४ चं, तेही सेथ थॉमसचंच. आम्ही पाहुण्यांना त्याच्यासमोर उभं करून फोटो काढतो आणि इतकी वर्षं मला पत्ता नव्हता.

बरं, मशीन. पितळी, आठ दिवसांच्या चावीचं. तबकडीवर दोन भोकं, उजवं चालीचं, डावं टोल्यांचं. बाराच्या आकड्यापाशी अजून एक बारीकसं भोक असतं, चावीच्या दुसऱ्या बारक्या टोकाने तिथे फिरवायचं, की लंबक किंचित वरखाली होऊन घड्याळ पुढेमागे होतं. सुरुवातीला दिवसाला सहा मिनिटं मागे पडायचं, आता आठवड्याला दोन मिनिटांवर आणलंय.

पण इथपर्यंत यायला पैसे गेले. घरी आणलं तेच बंद, कारण सेलवाल्यांनी लंबक न काढता गाडीत ठेवलं आणि लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो ती मोडली. (न्यायच्या आधी लंबक काढायचा. लिहून ठेवा.) पहिल्या दुरुस्तीवाल्याने पट्टी बदलली आणि मशीनवर स्प्रेने तेल मारून दिलं, महिनाभर चाललं, मग ठप्प. दुसऱ्या म्हाताऱ्या घड्याळजींनी उघडून मला बोलावून दाखवलं, जुनी घाण आणि तेल मिळून काळा चिखल झालेला, आणि चाकांच्या दांड्या ज्या भोकांत फिरतात ती भोकं झिजून गोलाची लांबट झालेली. सगळं सुटं करून धुतलं, झिजलेल्या भोकांत नवीन बुश (बारीक धातूच्या कड्या) बसवले, २७५ डॉलर घेतले. घड्याळापेक्षा दुरुस्ती महाग, हे धरूनच घ्या, आणि स्प्रे मारणारा दिसला तर घड्याळ उचलून घरी या.

त्यानंतरही घरी दहा मिनिटांत बंद पडायचं. मी वैतागून फोन केला तर ते म्हणाले फोन घड्याळाजवळ धरा. ऐकून म्हणाले लंगडतंय. म्हणजे टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये फायरप्लेस कुठला, चपलांच्या कपाटावर ठेवलंय, आणि ते कपाट तिरकं! डाव्या पायाखाली व्हिजिटिंग कार्ड दुमडून घातलं, तेव्हापासून एकदाही थांबलं नाही.

टोल्यांबद्दल. तासाचे टोले आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली जाड तार आहे तिच्यावर पडतात, घुमतो आवाज, आणि अर्ध्या तासाचा एकच टोला छोट्या घंटीवर, टिंग. दिवसाचे १८० टोले होतात, हिशोब केलाय मी. पहिला आठवडा कोणी झोपलं नाही, आता कोणाला ऐकूच येत नाही. रात्री साडेबारा, एक आणि दीड तिन्हीला एकेकच टोला, पण आवाज वेगळा असल्यामुळे निदान एक तरी कळतो.

तोटे? पेटीवर मागच्या मालकाने नेलपॉलिश रिमूव्हर लावलाय कुठेतरी, तिथे चट्टा पडलाय, तो जाणार नाही, कारण ॲसिटोनमध्ये सेल्युलॉइड विरघळतं. नुसत्या किंचित ओल्या फडक्याने पुसायचं. आणि दुसरं म्हणजे सेल्युलॉइड भुरकन पेटतं. दिवाळीला आई आली होती, तिने हौसेने घड्याळाच्या दोन्ही बाजूंना पणत्या मांडल्या, "किती छान दिसतंय गं, देव्हाऱ्यासारखं", मी किचनमधून जी धावले! आईला अजून वाटतं मी उगाच ओरडले.

मी पाचपैकी चार देईन, एक कापला तो चट्ट्यासाठी. आणि इथे राहणाऱ्यांसाठी एक, नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर मागे घ्यायची असतात तेव्हा याचे काटे उलटे फिरवू नका, घड्याळजींनी बजावलंय. लंबक हाताने थांबवायचा, चहा करायचा, तासाने परत हलवून सोडायचा. यंदा मी विसरले, सव्वा तास झाला होता.