सेल्फ-वॉटरिंग कुंडी: घरातल्या झाडांसाठी कितपत कामाची?

आतली कुंडी, खाली पाण्याची टाकी आणि दोघांना जोडणारी वात, एवढंच हे यंत्र. पाणी केशाकर्षणाने वर चढतं, त्यामुळे सगळा खेळ मातीवर. बागेतली चिकट माती भरली तर ती पाणी धरून घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके खडे) आणि थोडं गांडूळखत हे मिश्रण चांगलं चालतं.

वात सुती असेल तर काही महिन्यांत सडते; नायलॉनची किंवा पॉलिस्टरची घ्यावी, आणि लावण्याआधी भिजवावी. कोरडी वात पाणी ओढायला वेळ लावते. नवं रोप लावल्यावर दोन-तीन आठवडे वरूनच पाणी द्या. मुळं खाली पोचल्याशिवाय टाकीचा उपयोग नाही. (पाकिटावर हे क्वचितच छापलेलं असतं!)

टाकी रिकामी झाल्यावर लगेच भरू नका, एक-दोन दिवस जाऊ द्या. सतत ओल राहिली की चिलटं होतात. मातीवर पांढरा थर दिसला तर ते क्षार. टाकी काढून वरून भरपूर पाणी ओता, निथळू द्या.

पारदर्शक टाकीत शेवाळ धरतं, अपारदर्शक आणि पातळी दाखवणारा तरंगता काटा असलेली बरी. जास्तीचं पाणी जायला भोक हवंच.

पीस लिली, सिंगोनियम, फर्न यांना उत्तम. स्नेक प्लांट, जेड, कॅक्टस यांच्यासाठी घेऊच नये.