नमुना, आद्यरूप की प्रोटोटाइप?

नव्या वस्तूचा पहिला नग करून द्यायचा असेल, तर कोटेशनमध्ये त्याला यातला कोणता शब्द घालावा, असं कुपवाड एमआयडीसीत नव्यानं शेड घेतलेली मुलं मला विचारतात. मी तिन्ही वापरून पाहिलेत.

‘आद्यरूप’ अर्थानं चोख आहे. मूळ ग्रीक शब्दही ‘पहिला’ आणि ‘ठसा’ यांचाच जोड. पण वेल्डरला तो समजावून सांगावा लागतो, आणि साहित्यातला ‘आदिबंध’ (पुन्हापुन्हा येणारी मूळ प्रतिमा) जवळच असल्यानं वाचणाऱ्याचाही घोटाळा होतो. प्रबंधात शोभेल.

खरी निवड उरलेल्या दोघांत. ‘नमुना’ सगळ्यांच्या तोंडचा, बरीच वर्षं मीही तोच लिहायचो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या ढिगातून मूठभर हळकुंडं काढतात, तो नमुना. बाकीची पोती तशीच निघणार हा भरवसा त्यात असतो, म्हणून तर सौद्यात बोली लागते. माझं घोडं इथंच अडलं. हळद पॉलिश करायच्या यंत्राचा पहिला ड्रम आम्ही ‘नमुना’ म्हणून दिला. त्यात हळकुंडं तुटत होती, म्हणून पुढच्या ड्रमचे फेरे कमी केले, जाळी बदलली. गिऱ्हाईक म्हणालं, ‘माल नमुन्याबरहुकूम नाही.’ पैसे चार महिने अडकले. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. शब्द माझा होता.

नमुना तयार मालातून काढतात. प्रोटोटाइप माल सुरू होण्याआधी करतात, आणि तो बदलण्यासाठीच असतो. तेजस ४ जानेवारी २००१ला पहिल्यांदा उडालं ते चाचणीचं विमान होतं. हवाई दलात त्याची पहिली तुकडी उभी राहिली २०१६ साली.

अर्थात ‘प्रोटोटाइप’ही सरळ नाही. किलोग्रॅमचा आंतरराष्ट्रीय प्रोटोटाइप म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा. १८८९पासून २०१९पर्यंत किलोग्रॅम म्हणजे नेमकं किती, हे त्याच्यावरून ठरायचं. तिथं याच शब्दाचा अर्थ ‘यात तसूभर बदल नको’ असा. पण आपल्या शेडवर तो अर्थ मनात धरून कुणी आलेलं मला तरी आठवत नाही.

ठरलेल्या ड्रॉइंगवरून पार्ट करत असाल तर ‘नमुना’च बरा, तिथं गिऱ्हाइकाला भरवसाच हवा असतो. नवं यंत्र असेल तर मी हल्ली ‘प्रोटोटाइप’ लिहितो आणि खाली एक ओळ घालतो: ‘चाचणीनंतर यात बदल होतील.’ कारागिरांशी बोलताना मात्र आमचा ‘ट्रायल पीस’च.