समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ की निवासी केंद्र: आधी कोणाकडे जायचं?

मूल दिवसभर खोलीत, मित्र बदललेले, पाकिटातून पैसे कमी होतायत, विचारलं की दार आपटणं. अशा वेळी घरात दोन तट पडतात. एकजण म्हणतो, 'वय आहे, जाईल.' दुसरा म्हणतो, 'नशा करतोय, कुठेतरी टाका.' नैराश्य किंवा चिंता आधीपासून असेल आणि नशा हा पोरानेच शोधलेला उतारा असेल, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. मनाचा आजार आणि व्यसन पुष्कळदा हातात हात घालून येतात. म्हणून 'आधी नशा सुटू दे, मग मनाचं बघू' हा क्रम मला पटत नाही.

समुपदेशकाकडे जायला मूल त्यातल्या त्यात लवकर तयार होतं. घरातली धुसफूस, अभ्यासाचा ताण, प्रेमभंग, एखाद-दुसऱ्या वेळी करून पाहिलेली नशा, इतकंच असेल तर इथून सुरुवात करावी. मात्र या वयाच्या मुलांबरोबर काम केलंय का, नशेबद्दल स्पष्ट विचारता का, आईवडिलांनाही बोलावता का, हे आधीच विचारून घ्या. तिन्ही उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा माणूस शोधा. दोनेक महिन्यांत काहीच हललं नाही तर तिथेच अडकून राहू नका.

झोप आणि भूक कित्येक आठवडे बिघडलेली, कानात आवाज येणं, विनाकारण संशय, हातावर कापल्याच्या खुणा, रात्र रात्र जागूनही न थकणं, यातलं काहीही दिसलं तर थेट मानसोपचारतज्ज्ञ. नियमित गांजा ओढणाऱ्या मुलात असा संशय दिसला तर थांबूच नये. पालक बिचकतात ते गोळ्यांना. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा चढत नाही, पण त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात आणि गुण यायला काही आठवडे जातात. २००४ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला की या गोळ्यांनी काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्यामुळे पहिले काही आठवडे बारीक लक्ष हवं. त्याच वर्षी नैराश्य असलेल्या ४३९ किशोरांवरचा एक अभ्यास आला. १२ आठवड्यांनी नुसत्या फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने ६१ टक्के सुधारले, नुसत्या सीबीटीने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) ४३, दोन्ही मिळून ७१. गोळी की बोलणं, हा वाद मला तरी तिथेच संपल्यासारखा वाटतो.

निवासी केंद्र, म्हणजे तिथेच राहून व्यसन सोडवायचं ठिकाण, हा शेवटचा पर्याय, पालक मात्र रागाच्या भरात तो पहिला निवडतात. घरी राहून उपचार फसले असतील, जिवाला धोका असेल, तरच. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते, म्हणून तिथे चोवीस तास डॉक्टर हवा. मारहाण, कोंडून ठेवणं, घरच्यांशी बोलू न देणं यांना 'शिस्त' म्हणणारं केंद्र असेल तर उलट पावली परत या. हेरॉइनसारख्या नशेतून बाहेर आलेल्या मुलाच्या शरीराची ती नशा पेलायची ताकद उतरलेली असते. परत जुन्याच मात्रेकडे वळला तर ती जीवघेणी ठरू शकते. केंद्रातून घरी सोडल्यावर पुढे काय, याचं उत्तर दाखल करण्याआधीच मिळायला हवं.

घरच्या लघवी तपासणी किटचा मोह होतो. नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत खुणा आठवडेही राहतात, तर हुंगायचं सोल्युशन नेहमीच्या किटमध्ये सापडतच नाही. चोरून तपासलं आणि त्याला कळलं, तर उरलंसुरलं बोलणंही बंद.

मरणाची भाषा आली तर हे तिन्ही पर्याय बाजूला ठेवा. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, तोवर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही.

नेताना 'तुझं डोकं तपासायचंय' म्हणू नका. 'तू महिनाभर धड झोपला नाहीस, त्यासाठी जाऊ' हे त्याला नाकारणं कठीण जातं. तरीही नाहीच म्हणाला, तर आईवडिलांनी आधी स्वतः भेट घ्यावी. घरच्यांना कसं बोलायचं ते शिकवणारी क्राफ्ट ही पद्धत मुळात उपचार नाकारणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच बनलेली आहे.