८ जीबीवरून १६ जीबी रॅम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅमची (डीडीआर४ प्रकारची) एकच स्टिक होती. दुसरा स्लॉट रिकामा असल्याने तेवढ्याच क्षमतेची आणि ३२०० (सेकंदाला ३२०० दशलक्ष ट्रान्सफर) याच वेगाची दुसरी स्टिक बसवली. त्यानंतर काही महिने रोजचे सगळे काम याच लॅपटॉपवर केले असून आता मत बनवण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

सर्वात मोठा फरक ॲप्लिकेशन बदलताना जाणवतो. पूर्वी ब्राउझरचे बरेच टॅब, मोठी स्प्रेडशीट आणि एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) एकत्र उघडे असले, की एका खिडकीतून दुसरीत जाताना पडदा काही क्षण थिजत असे. प्रोसेसरचा वापर मात्र त्या वेळी कमीच दिसे. याचे कारण व्हर्च्युअल मेमरीच्या रचनेत आहे. प्रत्येक प्रोग्रामला आपल्याकडे सलग मेमरी आहे असेच दिसते. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिम ती सहसा ४ केबीच्या पानांमध्ये विभागते आणि कोणते पान रॅममध्ये कुठे आहे याची नोंद ठेवते. रॅम भरत आली की बराच काळ न वापरलेली पाने एसएसडीवर, म्हणजे लॅपटॉपच्या कायमस्वरूपी साठवणीवर, त्यासाठी राखलेल्या ‘स्वॅप’ जागेत जातात. प्रोग्रामने त्यांतले एखादे मागितले की ‘पेज फॉल्ट’ होतो आणि पान परत येईपर्यंत प्रोग्रामला थांबावे लागते. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर चांगल्या एसएसडीवरूनही पन्नास-शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे शेकडो पट वेळ. एका पानाचा हा विलंब कळत नाही, पण हजारो पाने परत आणायची असली की तोच डोळ्यांना दिसू लागतो.

संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली ‘वर्किंग सेट’ची कल्पना मला या बाबतीत अजूनही सर्वात उपयुक्त वाटते. एखादा प्रोग्राम ठरावीक काळात प्रत्यक्ष जेवढी पाने हाताळतो, तो त्याचा वर्किंग सेट. चालू प्रोग्रामांचे हे संच मिळून रॅममध्ये मावत नसतील तर संगणकाचा वेळ कामापेक्षा पानांची ने-आण करण्यात जातो. यालाच थ्रॅशिंग म्हणतात. माझी नेहमीची कामे ८ जीबीत मावत नव्हती आणि १६ जीबीत मावतात, एवढाच या बदलाचा खरा अर्थ आहे. म्हणूनच व्हिडिओ एन्कोड करण्याचा वेळ जवळजवळ पूर्वीइतकाच राहिला, कारण तिथे मर्यादा प्रोसेसरची आहे.

रॅम वाढवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये वापर ८ जीबीच्याही पुढे गेलेला दिसतो आणि त्यामुळे अनेक जण गोंधळतात. ती काळजीची बाब नाही. जागा मोकळी असली की प्रोग्रामही डेटा हाताशी ठेवतात, आणि ऑपरेटिंग सिस्टिम उरलेल्या जागेत नुकत्याच वाचलेल्या फायली जपून ठेवते. गरज पडताच ती जागा रिकामी करून देते. बंद केलेला प्रोग्राम पुन्हा उघडताना आता तो लवकर येतो, तो यामुळेच. त्यामुळे ‘फ्री’पेक्षा ‘अव्हेलेबल’ हा आकडा पाहावा. मेमरी मोकळी करून देणारी ‘बूस्टर’ ॲप्स मी कोणालाही सुचवणार नाही, कारण ती बहुधा हाच उपयोगी साठा पुसून टाकतात.

दोन स्टिकमुळे ड्युअल चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यात माहितीचे दोन समांतर मार्ग मिळाले, हा दुसरा लाभ. ३२०० वेगाच्या एका चॅनेलची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला २५.६ जीबी असते. दोन चॅनेलची ५१.२ जीबी. माझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग मुख्य प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असल्याने आणि तो हीच रॅम वापरत असल्याने दुसरा मोठा मॉनिटर जोडल्यावर चित्र अधिक सुरळीत चालते. कागदपत्रांच्या कामात मात्र याचा फरक शोधूनही सापडत नाही.

काही गोष्टी बदलल्या नाहीत. लॅपटॉप सुरू होण्याचा वेळ जवळपास तोच आहे. मेमरी लीक असलेला, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणारा, एक प्रोग्राम मी वापरतो. तो पूर्वी लवकर अडखळायचा, आता उशिरा अडखळतो, आणि उपाय अजूनही तो बंद करून पुन्हा सुरू करणे हाच आहे. स्लीपमध्ये बॅटरी थोडी खर्च होतच राहते, कारण डीरॅममधला (संगणकाची रॅम याच प्रकारची असते) प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात असतो, तो भार गळत राहतो आणि साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो.

नवी स्टिक बसवल्यावर मेमरी टेस्ट रात्रभर चालवली आणि एकही त्रुटी निघाली नाही. ही चाचणी टाळू नये, कारण सदोष रॅममुळे फायली नकळत बिघडू शकतात. विकत घेण्यापूर्वी लॅपटॉपमध्ये स्लॉट आहे का हेही तपासावे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक जोडल्यास साधारणपणे दोन्ही कमी वेगाने चालतात.