एलईडीचं नाव बोर्डावरून ठेवायचं की कामावरून?

लिनक्ससाठी नव्या बोर्डाचा ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे हे कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला सांगणारी फाइल) लिहायला बसलात की एलईडीपाशी दोन प्रश्न येतात: दिव्याचं नाव काय, आणि तो लुकलुकवायचा कुणी? किरकोळ वाटतात म्हणून शेवटच्या दिवशी उरकले जातात. तसं करू नका. नाव लोकांच्या स्क्रिप्टमध्ये शिरलं की बदलणं महागात पडतं. रास्पबेरी पायवरचे ‘लेड०’ आणि ‘लेड१’ पुढच्या कर्नेलमध्ये ‘एसीटी’ (अॅक्टिव्हिटी) आणि ‘पीडब्ल्यूआर’ (पॉवर) झाले. नवी नावं वाचताक्षणी कळतात. पण जुनी स्क्रिप्ट अजून ‘लेड०’च शोधते, आणि तिला ते मिळत नाही.

जुनी पद्धत ‘डिव्हाइस:रंग:काम’ अशी. अख्खं नाव डिव्हाइस ट्रीतल्या ‘लेबल’मध्ये हाताने लिहायचं. काम दोन मिनिटांचं, पण धरबंध काहीच नाही. एक जण ‘वॅन’ लिहितो, दुसरा ‘इंटरनेट’. शिवाय सुरुवातीला मॉडेलचं नाव असल्यामुळे त्याच कामाच्या दिव्याचं नाव प्रत्येक मॉडेलवर निराळं.

नवी पद्धत २०१९ मध्ये ५.४ कर्नेलबरोबर आली. रंग आणि काम ठरलेल्या यादीतून निवडायचं, नाव कर्नेल जुळवतो: ‘ग्रीन:लॅन’. पोर्ट चार असतील तर क्रमांक वेगळा द्यायचा, म्हणजे ‘ग्रीन:लॅन-१’. माझं मत ठामपणे या बाजूला आहे. लॅपटॉपच्या कीबोर्डामागचा उजेडच बघा. थिंकपॅडवर नावाची सुरुवात ‘टीपीएसीपीआय’ने, डेलवर ‘डेल’ने, शेवट मात्र दोन्हीकडे ‘केबीडी_बॅकलाइट’. डेस्कटॉपवर बॅटरी आणि वीज सांभाळणारी यूपॉवर ही सेवा तेवढ्या शेपटावरून दिवा ओळखते, सुरुवातीकडे बघतही नाही.

डिव्हाइसचं नाव खरोखर लागतं ते काढघाल होणाऱ्या वस्तूंना. दोन यूएसबी कीबोर्ड जोडले की कॅप्सलॉकचे दिवेही दोन, म्हणून ‘इनपुट३::कॅप्सलॉक’ योग्यच. फक्त तो तीन आकडा स्क्रिप्टमध्ये कोरू नका. कीबोर्ड काढून पुन्हा लावला की बदलू शकतो.

आता लुकलुकणं. ड्रायव्हरमध्येच ‘डेटा आला की लुकलुक’ लिहून टाकलं, तर वापरणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. ट्रिगरवर (दिवा कशावरून पेटायचा ते ठरवणारी कर्नेलमधली सोय) सोडलं तर तोच दिवा आज ‘नेटडेव्ह’ (नेटवर्कची हालचाल), उद्या ‘हार्टबीट’ (ठोक्यांसारखी लुकलुक); ड्रायव्हरला हात लावायला नको. दिव्याच्या ‘ब्राइटनेस’ फाइलमध्ये शून्य लिहिलं की दिवा विझतो आणि ट्रिगरही सुटतो, हे सगळीकडे सारखं मिळतं. चिपला स्वतः लुकलुकता येत असेल तर ड्रायव्हरमध्ये ‘ब्लिंक_सेट’ हे फंक्शन जरूर द्या, प्रोसेसरला दर वेळी उठावं लागत नाही. नसेल तर कर्नेलचा टायमर ते काम करतो. आणि नुसत्या चालू-बंद दिव्याची कमाल ब्राइटनेस १ ठेवा. २५५ सांगितली तर मधले आकडे खोटे ठरतात.

बोर्ड आधीच लोकांच्या हातात गेला असेल आणि त्यावर ‘लेबल’ असेल, तर ते तसंच राहू द्या. नवी नावं पुढच्या बोर्डापासून.