गुंतागुंतीचा भगंदर: नुसती शस्त्रक्रिया, क्षारसूत्र की जोडीला पीआरपी आणि चरबी?

भगंदर म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत गेलेली पुवाची नळी. त्याचं एक ऑपरेशन फसलं आणि पुन्हा पू यायला लागला की सांगली-मिरजेत फिरणाऱ्या रुग्णापुढे तीन वाटा येतात. एक डॉक्टर लिफ्ट किंवा फ्लॅप या शस्त्रक्रिया सुचवतात, वैद्य क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, सांगतात, आणि अलीकडे शस्त्रक्रियेसोबत पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्रव) किंवा त्याचीच चरबी टोचण्याचाही सल्ला मिळतो. नवी म्हणून तिसरी वाट सगळ्यांत भारी, असं नाही.

या नळीने, म्हणजे नाडीने, गुदद्वाराच्या बाहेरच्या स्नायूचा किती भाग ओलांडलाय, यावर निवड ठरते. थोडाच भाग असेल तर नाडी सरळ उघडून टाकतात आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. त्यात पीआरपी-बिआरपीची गरजच नाही. साधारण एक तृतीयांशाहून जास्त स्नायू गुंतलेला असेल, स्त्रियांमध्ये नाडी पुढच्या बाजूला असेल, फाटे फुटलेले असतील किंवा क्रोन्स (आतड्याच्या जुनाट दाहाचा आजार), टीबी असेल, तर तो गुंतागुंतीचा भगंदर. तिथे स्नायू कापला तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून आधी एमआरआय. पोटाच्या साध्या सोनोग्राफीत हे दिसत नाही.

लिफ्टमध्ये गुदद्वाराच्या आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंच्या मधल्या खाचेत छोटा छेद घेऊन नाडी शोधतात, दोन्हीकडून बांधतात, मधून कापतात आणि बाहेरचा भाग खरवडून निचऱ्यासाठी मोकळा ठेवतात. स्नायूला धक्का लागत नाही. साधारण दहापैकी सहा-सात जणांना गुण येतो. फसलं तरी पुष्कळदा उरलेली नाडी आधीपेक्षा उथळ असते आणि पुढचं ऑपरेशन सोपं जातं. हा फायदा रुग्णाला क्वचितच समजावून सांगितला जातो. फ्लॅपमध्ये आतलं तोंड शेजारच्या अस्तराने झाकतात. निकाल जवळपास तसाच, पण टाके उसवले तर तोंड पुन्हा उघडतं.

क्षारसूत्र म्हणजे 21 लेप दिलेला दोरा: 11 थर निवडुंगाच्या चिकाचे, 7 आघाड्याच्या क्षारासकट, 3 हळदीसकट. दर आठवड्याला तो बदलतात, आणि दोरा हळूहळू कापत असताना मागून जखम भरत येते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 1991 च्या अभ्यासात वर्षभरात भगंदर उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के आणि शस्त्रक्रियेत 11 टक्के होतं. भरायला मात्र क्षारसूत्राला 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेला 4. हा पुरावा हलका नाही. पण दोरा स्नायू कापतोच, फक्त सावकाश. स्नायूचा बराच भाग ओलांडणारी नाडी, आधी कापलेला स्नायू किंवा बाळंतपणात झालेली इजा असेल तर जपून. शिवाय जत-आटपाडीहून दर आठवड्याला एसटीने येणं द्राक्षाच्या छाटणीत जमेल का, हेही बघावं लागतं, कारण फेऱ्या चुकल्या की उपचार रेंगाळतो.

आता जोडीचा उपचार. नाडी बंद होत नाही, कारण आतल्या तोंडातून घाण आत जात राहते आणि भिंतीवर जुनाट, कमी रक्तपुरवठ्याची ऊती असते. पीआरपीसाठी 30 ते 60 मिली रक्त काढून सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतात, त्यातून काही मिली प्लेटलेट्सचा द्रव मिळतो. चरबी पोटातून काढून धुतात आणि बारीक करतात. दोन्हींत क्रम सारखाच: नाडी खरवडायची, आतलं तोंड टाक्यांनी बंद करायचं, मग द्रव तोंडाभोवतीच्या आणि नाडीच्या भिंतीत टोचायचा. नाडीच्या पोकळीत सोडला तर तो वाहून जातो. आतलं तोंड न शिवता नुसतं इंजेक्शन देऊ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

फसण्याचं मोठं कारण म्हणजे राहिलेला पू. त्यासाठी आधी सैल सेटन, म्हणजे न कापणारा दोरा, 6 ते 12 आठवडे ठेवतात. ‘दोरा घालून घरी पाठवलं’ म्हणून रुग्ण चिडतात, पण हीच पायाभरणी आहे. साखर वाढलेली असणं आणि तंबाखू हीदेखील कारणं. ऍस्पिरिन चालू असेल तर पीआरपीआधी सांगा, स्वतःहून मात्र बंद करू नका.

पुराव्याचं म्हणाल तर पीआरपी आणि चरबीवरचे अभ्यास लहान आहेत. चरबीतून काढून वाढवलेल्या पेशींचा (स्टेम सेल) एक मोठा प्रयोग क्रोन्सच्या भगंदरावर झाला: 12 कोटी पेशींचा एक डोस. 2016 च्या निकालात 24 आठवड्यांनी सुमारे 50 टक्के रुग्ण बरे दिसले, पेशींशिवाय 34 टक्के. दुसऱ्या चाचणीत हा फरक टिकला नाही, आणि 2024 च्या अखेरीस ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. भारतात भगंदरासाठी ‘स्टेम सेल’ विकत देऊ केल्या तर मान्यताप्राप्त चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

आमचं मत असं: पहिल्याच वेळी लिफ्ट किंवा फ्लॅप पुरे, पीआरपीवर वेगळा खर्च नको. एकदा फसलेल्या, पू साफ झालेल्या, एकाच नाडीच्या रुग्णाने पुन्हा करताना जोडीला चरबी किंवा पीआरपी घ्यायला हरकत नाही. त्याने स्नायू कापला जात नाही, चरबी काढली तर पोट आठवडाभर दुखतं इतकंच. क्रोन्समध्ये आधी औषधांनी आजार आटोक्यात. आणि कुठलीही वाट घ्या, खरवडलेली ऊती बायोप्सीला आणि टीबीसाठी सीबीनॅटला पाठवायला सांगा. टीबी निघाला तर गोळ्यांशिवाय कुठलंच ऑपरेशन टिकणार नाही.

नंतर कोमट पाण्यात बसणं, इसबगोल, भरपूर पाणी. ट्रॅक्टर आणि लांबची मोटरसायकल डॉक्टर सांगतील तोवर बंद. बाहेरचं तोंड बंद झालं म्हणजे आतून भरलंच असं नाही, म्हणून गुंतागुंतीच्या भगंदरात सहा महिन्यांनी एमआरआय पुन्हा बघून घ्यावा. मधल्या काळात ताप आला आणि तिथे ठणकणारी सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.